गाणं घरी रेकॉर्ड करायचं तर

आमच्या बँडचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ठरलं ते ड्रम्समुळे. बाकीची वाद्यं एकेकट्यानं, रात्री जेवणं आटोपल्यावर, हेडफोन लावून रेकॉर्ड करता येतात. बेसची वायर थेट संगणकाला जोडलेल्या इंटरफेसमध्ये जाते, गिटारचा ॲम्प सॉफ्टवेअरमध्येच उभा करता येतो, आणि कीबोर्डला तर शेजाऱ्यांचीही चिंता नाही. ड्रम्सचं तसं नाही. किकला एक माइक, स्नेअरला एक, हाय-हॅटला एक, दोन टॉमना दोन, डोक्यावर दोन ओव्हरहेड आणि खोलीचा आवाज घ्यायला लांब एक, असे आठ माइक लागतात. ते आठही एकाच वेळी, आपापल्या स्वतंत्र ट्रॅकवर उतरले पाहिजेत. एकदा का हे नक्की झालं, की निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि निम्मे वादही मिटतात.

म्हणून हौशी बँडमधली मुलं जेव्हा विचारतात, "दादा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" तेव्हा मी त्यांना आधी विचारतो, तुम्ही एकत्र वाजवणार की एकेक करून? संगणकावर एकट्यानं बीट रचून गाणं करणाऱ्याची गरज निराळी आणि एका खोलीत घाम गाळत वाजवणाऱ्या चौघांची निराळी. ही दोन कामं एकच समजून सल्ले दिले जातात, आणि मग मुलं भलत्याच गोष्टीवर पैसे घालतात. मला याची मनापासून खंत वाटते.

आम्ही चौघं पुण्यातले. ड्रमर चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, गिटारिस्ट आर्किटेक्ट आहे, गायिका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि कीबोर्डही तीच वाजवते. मी बेस वाजवतो आणि दिवसा हिशेब तपासतो. गाणी आमची स्वतःची, मराठीत. आधी दोन गाणी आम्ही रीतसर स्टुडिओत केली होती. तिथला इंजिनिअर कामात चोख होता, खोली उत्तम होती, पण तासाच्या दरानं जागा घेतली की डोक्यात घड्याळ सुरू होतं. आमची गाणी रेकॉर्ड होता होताच घडतात. एखादा अंतरा वाजवून ऐकल्यावर कळतं की तो निम्मा करायला हवा, कोरसच्या आधीचा ठहराव दोन मात्रांनी वाढवायला हवा. हे तासाच्या दरात परवडत नाही. जॅम रूममध्ये मोबाइलवर केलेल्या ध्वनिमुद्रणात गाण्याचा अंदाज येतो, पण किक आणि बेस एकमेकांत इतके कालवलेले असतात की नेमकं काय सुधारायचं ते समजत नाही.

जागा मिळाली ती ड्रमरच्या काकांमुळे. धनकवडीत त्यांच्या घराच्या तळमजल्यावर एक मोठी खोली रिकामी होती. काका म्हणाले, "वापरा की. फक्त रात्री आठनंतर ढोलताशा नको." आम्ही भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या, दोन कोपऱ्यांत गोधड्यांच्या घड्या रचल्या आणि खिडकीला जाड पडदा लावला. पंखा बंद. पाण्याची मोटार कधी सुरू होते ते काकूंना विचारून घेतलं, कारण ती सुरू झाली की खोलीतल्या माइकमध्ये तिचा हुंकार उतरायचा.

मग सॉफ्टवेअरचा प्रश्न आला. गिटारिस्टकडे मॅकबुक, त्यामुळे त्याचं म्हणणं एकच: गॅराजबँड फुकट आहे, त्यात करू, आणि पुढे गरज पडली तर ॲपलचंच लॉजिक घेऊ. गॅराजबँड ॲपलनं २००४ साली आणलं तेव्हापासून कितीतरी माणसांनी आपलं पहिलं गाणं त्यात केलं असेल, आणि ते खरंच चांगलं आहे. त्यातले तयार ड्रमर ऐकून आमचा ड्रमर क्षणभर गप्प झाला होता. पण ते विंडोजवर चालत नाही, आणि गायिकेचा लॅपटॉप विंडोजचा आणि जुना, माझाही विंडोजचा. गाणी लिहिते गायिका, आवाजाचे टेक निवडणारही तीच. तिच्या यंत्रावर प्रकल्प उघडणार नसेल, तर प्रत्येक छोट्या बदलासाठी तिला गिटारिस्टच्या घरी जावं लागणार. बँडमध्ये असं झालं की हळूहळू एकाच माणसाच्या हाती गाणं जातं. आम्हाला ते नको होतं.

ड्रमरचा आग्रह वेगळा होता. "ते मॅक-विंडोज राहू दे. आवाज कुठल्यात चांगला येतो ते सांग ना आधी." हा प्रश्न सगळ्याच बँडमध्ये निघतो. अमक्यात आवाज 'गरम' येतो, तमक्यात 'पातळ' येतो, असं खात्रीनं सांगणारी माणसं आम्हालाही भेटली होती. वाद घालत बसण्यापेक्षा करून पाहावं असं मी सुचवलं.

केलं ते असं. एका गाण्याचे चार ट्रॅक घेतले: किक, स्नेअर, बेस, आवाज. तेच चार ट्रॅक रीपर आणि क्यूबेस या दोन सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये घातले. दोन्हीकडे सगळे फेडर शून्यावर, एकही इफेक्ट नाही, आणि दोन्हींतून पूर्ण गाणं चोवीस बिटच्या वेव्ह फाइलमध्ये बाहेर काढलं. मग या दोन फाइली एकाखाली एक ठेवल्या आणि त्यांपैकी एकीची पोलॅरिटी उलटवली, म्हणजे जिथे लाट वर जाते तिथे ती खाली जाईल. दोन्ही फाइली हुबेहूब सारख्या असतील तर त्या एकमेकींना पूर्ण खोडतात आणि ऐकू काहीच येत नाही. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आवाज आला, अगदी व्यवस्थित, फक्त थोडा दबलेला. ड्रमर म्हणाला, "बघ!" गिटारिस्ट पडद्यावर वाकला आणि पॅन लॉची सेटिंग्ज शोधू लागला. ट्रॅक मध्यभागी ठेवला की तो दोन्ही स्पीकरमधून येतो. म्हणून काही ठिकाणी तो तीन डेसिबलनं खाली घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. दोन सॉफ्टवेअरमध्ये हा नियम वेगळा लावलेला होता. तो सारखा केला, दोन्ही फाइली पुन्हा काढल्या, पुन्हा उलटवल्या आणि वाजवल्या. रेषा पुढे सरकत राहिली, मीटर तळाशीच. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी काही नाही. चौघांनी आळीपाळीनं हेडफोन लावून पाहिलं. त्यानंतर आमच्यात 'कुठल्यात आवाज चांगला' हा विषय निघाला नाही. आवाज घडतो तो खोलीत, माइकच्या जागेत, ड्रमच्या कातड्यात आणि वाजवणाऱ्याच्या हातात. सॉफ्टवेअर तो साठवतं आणि बेरीज करतं. ही चाचणी प्रत्येक बँडनं एकदा करावी.

मग शिल्लक राहिले ते व्यवहाराचे प्रश्न. आठ ट्रॅक एकदम घेता येतात का, ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा आहे का, सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर चालतं का, मॅक आणि विंडोज दोन्हींवर उघडतं का, क्लिकशिवाय, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय, वाजवलेलं गाणं त्याला चालतं का, आणि किंमत.

ट्रॅकच्या मर्यादेवर चांगलाच वाद झाला. इंटरफेसबरोबर किंवा नुसतंच फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बहुधा कापलेलं असतं. प्रो टूल्सच्या इंट्रो आवृत्तीत ऑडिओचे आठ ट्रॅक. आमचे ड्रम्सच आठ. गिटारिस्ट म्हणाला, ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२चा 'नेब्रास्का' घरी बसून टॅस्कमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केला आणि बीटल्सनी १९६७ साली 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला, मग आपल्याला आठ का पुरू नयेत? मुद्दा खरा आहे आणि मला तो आवडतोही. पण स्प्रिंगस्टीन एकटा गिटार घेऊन बसला होता, आणि बीटल्सच्या मागे जॉर्ज मार्टिन आणि ॲबी रोडचे इंजिनिअर होते. चार ट्रॅक भरले की ते एका ट्रॅकवर उतरवून पुढे जाताना किकची पातळी कायमची ठरून जाते. ती आधीच बरोबर ठरवण्याइतका कान आमचा तयार झालेला नाही. आम्हाला मागे जाऊन बदलता यायला हवं. एका गाण्यात आमचे ड्रम्सचे आठ, बेसचे दोन, गिटारचे चार-पाच, कीबोर्डचा स्टिरिओ, मुख्य आवाज, त्याची जोडी, कोरस, असे वीसच्या पुढे ट्रॅक होतातच.

ऑडॅसिटीवर माझा जीव आहे. २००० सालापासून ते फुकट आणि खुलं आहे, आणि व्याख्यानं, मुलाखती, जुन्या कॅसेट यांच्यासाठी मी आजही तेच उघडतो. पण आम्ही निवडत होतो तेव्हा विंडोजवरच्या ऑडॅसिटीत एएसआयओ ड्रायव्हरची सोय नव्हती, आणि आठ माइकच्या इंटरफेससाठी ती हवीच होती. वाजत असतानाच इफेक्ट ऐकण्याची सोयही त्यात २०२२ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीच्या पुढच्या टप्प्यात आली. एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ ही दोन्ही फार हुशार माणसांनी बनवलेली आहेत, पण त्यांचा पिंड तुकडे रचण्याचा, चौकटीत बसवण्याचा. आमची गाणी क्लिकवर नसतात. कोरसला ती थोडी पुढे पळतात, अंतऱ्याला मागे बसतात, आणि तसंच असावं हे आम्ही ठरवलं आहे. अशा गाण्यावर चौकोनी जाळं पसरलं की पडद्यावर सगळंच चुकलेलं दिसतं, आणि डोळ्यांना चुकलेलं दिसलं की हात सुधारायला जातो. अनेक बँडची गाणी अशीच मेली आहेत असं माझं मत आहे. आर्डर मोकळ्या परवान्याचं आणि दमदार आहे, पण ते शिकायला बसण्याची तयारी आमच्यापैकी एकट्या माझीच होती.

केकवॉकचा विचार जरा जास्त केला. विंडोजवरचं जुनं, नावाजलेलं नाव. पण त्याचा इतिहास वाचल्यावर आमच्या यादीत एक नवा प्रश्न आला. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन कंपनीनं केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांची वर्षानुवर्षांची गाणी त्यात होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली असणार. २०१८च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि पुढे फुकट दिलं, म्हणून ते तगलं. आमच्यासारख्या माणसांची गाणी सावकाश होतात. नोकरी, बाळंतपण, बदल्या, आजारपण यांतून वाट काढत एक अल्बम व्हायला वर्षं लागतात. आज केलेलं काम तेव्हा उघडेल ना, ही काळजी आम्हाला व्यावसायिकांपेक्षा जास्त.

रीपरचं नाव ड्रमरच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं. ते चर्चमधल्या गायकवृंदाचं रेकॉर्डिंग करतात. रीपर करणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे विनॅम्पचा जनक. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सायबर कॅफेत गाणी ऐकलेल्या आमच्या पिढीला विनॅम्प सांगायला नको. रीपरची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ची. विंडोजसाठीची फाइल वीस एमबीच्याही आत, हे पाहून गायिकेला आधी वाटलं की उतरवताना काहीतरी अर्धवट राहिलं. साठ दिवस ते पूर्ण क्षमतेनं वापरायला देतात, ट्रॅकची मर्यादा नाही, काही झाकून ठेवलेलं नाही. घरगुती वापराचा आणि छोट्या उत्पन्नाचा परवाना साठ डॉलर, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. पेन ड्राइव्हवर बसवूनही चालतं. मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हींवर.

उणिवाही सांगायला हव्यात. दिसायला ते रूक्ष आहे. उघडल्यावर समोर करडी रिकामी पाटी येते, गॅराजबँडसारखी वाद्यांची चित्रं नाहीत, तयार ड्रम नाहीत, ऐकताच मन रमेल असे ध्वनी जवळजवळ नाहीत. मेनूत इतक्या गोष्टी आहेत की पहिला आठवडा माणूस हरवतो. एकट्यानं, वाद्यं न वाजवता, संगणकातूनच सगळं गाणं काढायचं असेल त्याला मी रीपर सुचवणार नाही. आमच्याकडे मात्र वाद्यं होती, वाजवणारे होते. आम्हाला हवी होती पाटीच.

शेवटचा कौल गायिकेच्या लॅपटॉपनं दिला. तिथे आम्ही आठ माइकचा इंटरफेस जोडला. तो फोकसराइट स्कार्लेटचा अठरा-आय-वीस, मुंबईहून एकाकडून वापरलेला आणला होता. ज्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती आम्ही आधी त्या लॅपटॉपवर पाहिली होती, ते आठ ट्रॅकवर अडखळून आवाजात तडतड करू लागलं होतं. रीपरवर तोच लॅपटॉप आठ ट्रॅक सलग, पूर्ण गाणंभर, एकही टिचकी न पडता घेऊन गेला. मेमरी किती खातंय ते तिनं स्वतः पाहिलं आणि म्हणाली, "हेच घ्या. माझ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायला लागणार नाही." बँडमधल्या सगळ्यात जुन्या यंत्रावर जे चालतं तेच बँडचं सॉफ्टवेअर, हे मला तेव्हा पटलं.

पहिल्या खऱ्या रेकॉर्डिंगला आम्ही ओव्हरहेड माइक सुतळीनं मोजून लावले. ग्लिन जॉन्स या इंग्लिश इंजिनिअरनं, ज्यानं लेड झेपेलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग केलं, ड्रम्स मोजक्या माइकमध्ये पकडण्याची एक पद्धत रूढ केली. तिचा गाभा असा की दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. एक माइक हातभर पुढे-मागे झाला तर स्नेअरचा ठोका दोन्हींत वेगळ्या वेळी पोचतो, लाटा एकमेकींना खातात, आणि ठोक्याचं अंगच जातं. ड्रमरनं सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटानं दाबून धरलं, मी दुसरं टोक आधी एका माइकला, मग दुसऱ्याला लावलं. दुसरा चार बोटं लांब होता, तो खाली घेतला. मग रेकॉर्ड केलेल्या दोन लाटा पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या तर स्नेअरचे दोन्ही सुळके एकाखाली एक उभे. ड्रमरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्वतःचा स्नेअर इतका भरदार त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

आवाजाच्या वेळी वेगळीच अडचण आली. गायिका गाते आणि तिचाच आवाज हेडफोनमध्ये तिला किंचित उशिरा येतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा, १०२४ नमुन्यांवर होता. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबानं एका बाजूचेच तेवीस मिलिसेकंद, आणि आत येऊन बाहेर जाईपर्यंत पन्नासच्या घरात. म्हणजे सतरा मीटर लांबून आपला आवाज परत ऐकत गायचं. तिचे सूर पक्के असूनही ती शब्द ओढू लागली. बफर १२८ वर आणला तेव्हा हेच जाऊन-येऊन दहाच्या आसपास आलं आणि ती मोकळी गायली. मिक्स करताना मात्र बफर पुन्हा वर न्यायचा, नाहीतर इफेक्टच्या भारानं लॅपटॉप धापा टाकतो. हा अदलाबदलीचा नियम आम्ही खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. मराठीतल्या 'भ', 'फ', 'घ' यांच्या श्वासानं माइक फुटतो, त्यावर भरतकामाच्या गोल फ्रेमला जुना पायमोजा ताणून लावला. तो अजून तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट हुंकाराची. गिटारच्या ट्रॅकवर पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, शंभर-दीडशेचा, एक सततचा गुणगुणाट होता. सॉफ्टवेअरनं तो काढता येतो, रीपरबरोबर येणाऱ्या रीफरमध्ये तशी सोयही आहे. पण काढताना गिटारचाही थोडा जीव जातोच. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि बॅटरीवर चालवला तर गुणगुणाट निम्मा झाला. उरलेल्यासाठी ड्रमरनं ओळखीचा वायरमन बोलावून खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं. जे भिंतीत बिघडलं आहे ते भिंतीतच दुरुस्त करावं.

परवान्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे महागडी सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरणं इतकं सर्रास आहे की त्यात काही गैर आहे असंही कुणाला वाटत नाही. आम्हालाही कुणी कुणी पेन ड्राइव्ह देऊ केला. गायिकेनं आम्हाला बसवून एवढंच विचारलं, "आपलं गाणं लोकांनी पैसे देऊन ऐकावं असं आपल्याला वाटतं ना?" त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. प्रत्येकानं आपापला परवाना घेतला. तो त्या आवृत्तीसाठी आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठीही चालतो, त्यामुळे वर्षानुवर्षांचा खर्च म्हणून तो जॅम रूमच्या काही तासांपेक्षाही कमी पडला.

रीपरची एक गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याची प्रकल्पाची फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तर ट्रॅकची नावं, फाइलींचे पत्ते, फेडरच्या पातळ्या सगळं वाचता येतं. एकदा गिटारिस्टनं पाठवलेल्या प्रकल्पात एक गिटार गायब होती. सॉफ्टवेअर नुसतं 'फाइल सापडत नाही' म्हणत होतं. मी प्रकल्प नोटपॅडमध्ये उघडला, गिटारच्या ट्रॅकखालची ओळ शोधली, तर पत्ता त्याच्या डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरचा. त्याला फोन केला, "अरे, रिफची फाइल डेस्कटॉपवर राहिलीय, पाठव." दहा मिनिटांत काम झालं. तेव्हापासून प्रकल्प साठवताना सगळं माध्यम त्याच फोल्डरमध्ये नकलून घ्यायचा पर्याय आम्ही न चुकता लावतो. दुसरा नियम प्लगइनचा. रीपरबरोबर आलेले ईक्यू, कॉम्प्रेसर, डिले, रिव्हर्ब एवढेच सगळ्यांनी वापरायचे. एकानं बाहेरचा गोड प्लगइन घातला की दुसऱ्याकडे तो ट्रॅक नागडा वाजतो. गिटारिस्टला ॲम्पसाठी बाहेरचं लागतं, तर तो ॲम्पसकट आवाज पक्का करून ट्रॅक देतो आणि सोबत वायरमधून आलेला कोरा ट्रॅकही देतो.

ड्रम्स कापण्याबद्दलही थोडं सांगतो, कारण आम्ही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवतो. आम्ही एक गाणं चार-पाचदा सलग वाजवतो आणि त्यातला उत्तम टेक पाया म्हणून घेतो. त्यात एखादा फिल फसला असेल तर दुसऱ्या टेकमधून तेवढा आणतो. त्यासाठी आठही ट्रॅक एकत्र बांधलेले हवेत. एकट्या स्नेअरला हलवलं तर ओव्हरहेडमधला स्नेअर जागच्या जागी राहतो आणि एका ठोक्याचे दोन होतात. रीपरमध्ये आठही एका गटात बांधले की एकाला कात्री लावली की सगळ्यांना लागते. कापायचं किकच्या अगदी आधी, आणि जोडाला पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. नीट केलं तर ड्रमरलाही जोड सापडत नाही. पण आम्ही एक मर्यादा घातली आहे: फसलेला फिल बदलायचा, ढिला-घट्ट ताल सरळ करायचा नाही.

गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटापर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढतो. मध्ये कोरस दोनदाच असला तरी त्याची फाइल गाण्याइतकीच लांब. अशा फाइली जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला लावल्या की सगळं गाणं जिथल्या तिथे बसतं. चोवीस बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे आठ एमबी लागतात, म्हणजे वीस ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं आठशे एमबी. दोन हार्ड डिस्कवर ठेवतो. एक काकांच्या घरी, एक माझ्याकडे. पहिली तीन गाणी मिक्स करायला आम्ही बंगळुरूच्या एका ओळखीच्या इंजिनिअरकडे अशाच फाइली पाठवल्या. तो प्रो टूल्सवर काम करतो. त्यानं विचारलं ते एवढंच, की खोलीचा माइक कुठे होता. आम्ही जिन्याच्या तोंडाशी ठेवला होता. त्यानं तो बराच वर घेतला आहे आणि ड्रम्स एकदम मोठ्या जागेत गेल्यासारखे वाटतात.

आता चौथ्या गाण्यासाठी गायिकेची इच्छा आहे की चौघांनी एकदम वाजवायचं, आवाजही त्याच वेळी, नंतर काही जोडायचं नाही. म्हणजे ड्रम्सचे आठ, शिवाय बेस, गिटार, कीबोर्ड आणि तिचा माइक. इंटरफेसच्या मागे ॲडॅटची जागा आहे, तिथून आणखी आठ चॅनल आत घेता येतात. त्यासाठी आठ प्रीॲम्पची वेगळी पेटी लागेल. वापरलेली मिळाली तर बरं, म्हणून ड्रमर मुंबईला गेला की धोबीतलावला वाद्यांच्या दुकानांत विचारून येणार आहे. गिटारचा ॲम्प बाहेर पॅसेजमध्ये ठेवून दार लावायचं, गायिकेनं गाद्यांच्या आडोशाला उभं राहायचं, असा बेत आहे. पॅसेजमधून वायर जायला दाराखाली फट पुरते का ते रविवारी बघू. नाहीतर खिडकीतून नेऊ, काकांची हरकत नाही.